पान तीनवरचे सात चौक

मला राग लवकर येतो. आता साठी उलटली तरी येतो. आला की तोंडात येईल ते बोलून मोकळी होते आणि मग दोन दिवस पस्तावत बसते. आई म्हणायची, हिचं नाव विनोदिनी ठेवलं तिथंच आमचं चुकलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा आहे.

त्र्याहत्तर साली मी सांगलीत 'मळा-माळ' नावाच्या साप्ताहिकात कामाला होते. चार पानांचा अंक, दर शनिवारी निघायचा. नदीकाठच्या मळेवाल्यांनी वाचावा आणि कवठे महांकाळकडच्या माळावरच्या लोकांनीही वाचावा, म्हणून मालकांनी असं नाव ठेवलेलं. मालक म्हणजे हरिभाऊ. संपादक, मुद्रक, प्रकाशक तेच, आणि सकाळी छापखाना झाडायचे तेही तेच. गावभागात त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, आतल्या खोलीत पायानं चालवायचं छपाईचं मशीन. तिथंच अर्जुना बसायचा. शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, खणातून उचलून तो ओळी जुळवायचा. वीस वर्षं तेच काम केल्यामुळं त्याला माणसं चेहऱ्यापेक्षा अक्षरावरून जास्त ओळखू यायची.

पान तीन माझं होतं. त्याचं नाव 'पार'. गावात पारावर बसून जशा गप्पा होतात तशा या पानावर व्हाव्यात, अशी हरिभाऊंची कल्पना. कुणीही पोस्टकार्डावर विषय काढायचा, इतरांनी पोस्टकार्डानंच उत्तर द्यायचं. एका वेळी सात विषय चालू असायचे आणि प्रत्येकाला वेगळी चौकट असायची. विषय पहिला, द्राक्षाच्या पानावर पांढरी भुकटी. विषय दुसरा, लग्नात बँड असावा की नसावा. विषय तिसरा, मुलींना एसेस्सीपुढं शिकवावं का. आज कुणी काही विचारलं तर उत्तर छापून यायला पंधरवडा आणि त्या उत्तरावरून भांडण पेटायला महिना लागायचा. पण पेटायचं नक्की.

पार म्हटलं की तिथं काही कटकटे आलेच. वाईचे एक लालासाहेब होते. विषय कुठलाही असो, 'हे लिहिणाऱ्यास यातले ओ की ठो कळत नाही' या वाक्यानं त्यांचं कार्ड सुरू व्हायचं. एक केसांच्या तेलवाला होता. त्याच्या मते लग्नात बँड असायला हरकत नव्हती, फक्त नवरदेवाच्या डोक्याला त्याचं तेल हवं होतं. द्राक्षाच्या भुकटीतही तो तेल घेऊन शिरला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

या लोकांना वठणीवर आणायला मी पानाच्या तळाशी, ठळक टायपात, 'बाईंचा शेरा' सुरू केला. ज्यानं ताळतंत्र सोडलं त्याला नाव घेऊन चार ओळींत झापायचं. लोकांना ते भलतंच आवडलं. शनिवारी अंक हातात पडला की माणसं आधी पान तीनचा तळ बघायची. "या आठवड्यात बाईंनी कुणाची काढली?" असं लोक स्टँडवर विचारतात, हे मला अर्जुनानंच येऊन सांगितलं होतं. मी फुगले. हळूहळू माझी मजल इथवर गेली, की पत्रं मी उत्तरासाठी वाचेना, कुणाला झापता येईल तेवढंच शोधायला वाचायला लागले.

दसरा झाला आणि ती कार्डं यायला लागली.

पहिलं कार्ड बँडच्या विषयावर होतं. 'विषय दुसरा. बँड नसावा. कळविण्यास कारण की, खिलारी गाय, डावे शिंग टोकाला मोडके, कानामागे काळा ठिपका, दुष्काळात छावणीवर हंबीरराव नावाच्या नदीकाठच्या भल्या माणसाच्या हवाली केली होती. पाऊस झाला. आता न्यायची आहे. कोणास ठाऊक असल्यास कळवावे. कोंडीबा.' अक्षर मास्तरी, वळणदार. म्हणजे लिहून देणारा दुसराच कुणीतरी होता.

दुसरं कार्ड आलं. 'विषय तिसरा. मुलींना शिकवावे. कळविण्यास कारण की, खिलारी गाय, डावे शिंग टोकाला मोडके.' द्राक्षांबद्दल त्यानं लिहिलं होतं, 'आमच्याकडे द्राक्षे नाहीत. कळविण्यास कारण की.' त्याच आठवड्यात सातही विषयांवर त्याची सात कार्डं आली, आणि पुढच्या आठवड्यात परत सात. चौदा कार्डांत मिळून गाय एकच.

त्या माणसाची गाय हरवली आहे हे मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण हरवलं-सापडलं पान चारवर छापलं जायचं. त्याला रीतसर जाहिरात द्यावी लागायची. इथं लोक पोरींच्या शिक्षणावर पोटतिडकीनं लिहितायत आणि हा बाबा मध्येच गाय घेऊन उभा! चौदावं कार्ड बाकीच्यांपेक्षा लांब होतं, बारीक अक्षरात काठोकाठ भरलेलं. मी त्याची पहिली ओळ वाचली, गाय दिसली आणि कार्ड बाजूला टाकलं. त्याच तिरमिरीत शेरा लिहायला घेतला.

'कोंडीबा, तालुका कवठे महांकाळ : डावे शिंग मोडलेली आपली खिलारी गाय आम्ही चौदा वेळा पाहिली. पार म्हणजे जनावरांचा बाजार नव्हे. चार माणसे बोलत असताना मध्ये घुसून तेच तेच ओरडणाऱ्यास आमच्याकडे असभ्य म्हणतात. हंबीरराव भेटलेच तर गायीबरोबर त्यांच्याकडून थोडी रीतभातही मागून घ्यावी.'

शेवटची ओळ मला स्वतःलाच इतकी आवडली की मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. अर्जुना खिळे जुळवता जुळवता थांबला.

"बाई, मानूस गाय शोधतोय वो."

"मग जाहिरात द्यावी त्यानं."

तो परत खिळ्यांकडं वळला. शाई पुसायला त्याला जाड कागद लागायचा, म्हणून मी ती चौदाच्या चौदा कार्डं त्याच्या पुढ्यात टाकली. शनिवारी अंक गेला, लोक हसले, आणि कोंडीबाची कार्डं यायची थांबली. माझा शेरा लागू पडला, या समाधानात मी दिवाळीचा फराळ खाल्ला.

दिवाळीनंतर आठवड्याभरात इस्लामपूरहून एक पत्र आलं. आंतरदेशीय पत्र, आत रेघा मारून क्रमांक घातलेले.

'१. आपण पान तीनवर झापलेला इसम कोंडीबा यांची गाय माझ्या ताब्यात आहे.

२. गाय तंदुरुस्त. आषाढात व्याली. कालवड झाली. तीही तंदुरुस्त.

३. इसमाचा शोध मी स्वतः घेत आहे. 'कोंडीबा, कवठे महांकाळ' या पत्त्यावर दोन पत्रे पाठवली. दोन्ही परत आली.

४. इसमाचा पूर्ण पत्ता ताबडतोब कळवावा.

५. इसमाला असे बोलायला नको होते.

सुभेदार (निवृत्त) हंबीरराव खोत.'

पाचवा मुद्दा मी किती वेळा वाचला ते सांगत नाही. पहिल्यांदा रागच आला. हे कोण मला शिकवणार? मग राग उतरला आणि कान गरम झाले. हरिभाऊंनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच म्हणाले, "पत्ता दे त्यांना."

पत्ता होता कुठं? कार्डांवर होता, आणि कार्डं शाईत गेली होती. मी अर्जुनाची कचऱ्याची बादली उपसली. चिंध्या, काळी बोटं पुसलेले बोळे, बाकी काही नाही. तालुक्याचं नाव तेवढं माझ्या लक्षात होतं, कारण ते मी शेऱ्यात वापरलं होतं. गावाचं नाव लक्षात ठेवावं असं मला तेव्हा वाटलंच नव्हतं.

मी कवठे महांकाळच्या पोस्टमास्तरांना लिहिलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं : तालुक्यात कोंडीबा पुष्कळ, आडनाव व गाव कळवल्यास शोध घेऊ. मग मी पान चारवर, फुकट, चौकटीत मजकूर दिला. गाय सापडली आहे, कोंडीबा यांनी संपर्क साधावा. पुढच्या आठवड्यात परत दिला. कुणीही आलं नाही. ज्या माणसाला मी भर पारावर असभ्य म्हटलं, तो माझा पेपर कशाला उघडतोय? सुभेदारांचं दुसरं पत्र आलं ते आणखीच आखूड होतं. '१. उत्तर नाही. २. वाट पाहतो. ३. कालवडीचे नाव ठेवलेले नाही. ते मालकाने ठेवायचे.'

त्या आठवड्यात मी घरीही कुणाशी धड बोलले नाही. शेरा लिहायला बसायची आणि दोन शब्दांवर अडायची. एक माणूस मला विचारत होता, माझी गाय कुठंय, आणि मी त्याला सभ्यपणा शिकवत होते. आता गाय कुठंय ते मला माहीत होतं आणि माणूस कुठंय ते माहीत नव्हतं.

एका सकाळी आतून अर्जुनाची हाक आली. छपाईत एका बाजूचा ठसा फिका उठत होता, म्हणून त्यानं मशीनवरचं अस्तर उलगडलं होतं. ठसा सगळीकडं सारखा उठावा म्हणून त्या अस्तराखाली जाड कागदाचे तुकडे घालतात. त्यातला एक तुकडा त्यानं माझ्यापुढं धरला.

"हे त्याचंच अक्षार हाय. शाई पुसाय घेतलं हुतं, पर कार्ड जाड वाटलं म्हून अर्धं फाडून हितं घातलं."

चौदाव्या कार्डाचा तो अर्धा भाग होता. पत्त्याचा भाग गेला होता. राहिलेल्या अर्ध्यावर ते बारीक अक्षर होतं, जे मी वाचलंच नव्हतं.

'...छावणीवर हंबीररावांनी चिठ्ठी लिहून दिली होती, ती मुंडाशात ठेवली. दुष्काळी कामावर खडी फोडताना घामाने अक्षर गेले. आम्हांस वाचता येत नाही. नदीकाठची दहा गावे पायी फिरलो. तिकडे घरटी हंबीरराव आहेत. गाय आमच्या मंडळींच्या माहेरची, त्या शिमग्यापासून आमच्याशी बोलत नाहीत. आम्ही गावात दवंडी देतो. सात चौकांत सात वेळा सांगितल्याशिवाय गावाला कळत नाही. तुमचा पेपर लांबचा, त्याचे चौक आम्हांस ठाऊक नाहीत. चुकीच्या जागी ओरडत असलो तर माफी असावी. तुमच्या पानाचे चौक कुठे आहेत ते कळवावे, तेथे उभे राहून सांगू.'

मी तिथंच, कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आणि रडले. अर्जुना मशीनकडं तोंड करून उगीच तेल घालत राहिला.

रडून झाल्यावर मी हरिभाऊंकडं गेले. "पान तीन मला या आठवड्याला हवं तसं छापू द्या," म्हटलं.

"काय छापणार?"

"दवंडी."

मी काय करणार ते सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. "विनोदिनी, अख्खं पान वाया जाईल. लोक हसतील आपल्याला."

"मागं हसलेच की. तेव्हा तुम्ही माझी पाठ थोपटली होती."

त्यांनी चष्मा परत चढवला. खरंच थोपटली होती.

त्या शनिवारी पान तीन असं निघालं. विषय पहिला : द्राक्षावर गंधक मारावे. कळविण्यास कारण की, कोंडीबा दवंडीवाले, तालुका कवठे महांकाळ, तुमची गाय सुखरूप आहे. व्याली. कालवड झाली. सुभेदार हंबीरराव खोत वाट पाहत आहेत. 'मळा-माळ'च्या छापखान्यात सांगलीला यावे. तुम्हाला बोलले ते माझे चुकले. विनोदिनी. विषय दुसरा : बँड ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कळविण्यास कारण की, कोंडीबा दवंडीवाले. विषय तिसरा : मुलींना शिकवावेच. कळविण्यास कारण की.

असं सात वेळा. एकच मजकूर सातदा जुळवायचा म्हणजे तेवढे खिळे लागतात. पाचव्या चौकटीत अर्जुनाच्या खणातला 'ग' संपला. "आता काय करू?" म्हणाला. त्यामुळं सहाव्या आणि सातव्या चौकटीत गायीच्या जागी जनावर आलं, सांगलीचं नाव गळलं, आणि द्राक्षाला गंधक मारायचा सल्ला पहिल्या चौकटीत होता म्हणून वाचला. 'बाईंचा शेरा' त्या आठवड्यात नव्हता. तळाची जागा मी कोरी सोडली.

सोमवारी वाईहून लालासाहेबांचं कार्ड आलं. 'हे छापणारणीस यातले ओ की ठो कळत नाही.' तेलवाल्यानं कळवलं, की हे चालत असेल तर आमचं तेल का नको. हरिभाऊ दोन्ही कार्डं माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. मंगळवार तसाच गेला.

बुधवारी दुपारी दारात एक उंच, वाळका माणूस उभा राहिला. डोक्याला मुंडासं, खांद्याला पिशवी, पिशवीतून हलगीची कड बाहेर आलेली. त्याच्यामागं चार पावलांवर एक बाई, पदर घट्ट धरून.

"आवं, पेपरवाल्या बाई हितंच असत्यात न्हवं?" त्यानं विचारलं. "म्या कोंडीबा."

मी उठले ती खुर्ची पाडूनच. चहा मागवला. त्यानं आत यायला वेळ लावला, पायताण बाहेर नीट जोडून ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसला. भामाबाई, म्हणजे त्याची बायको, दुसऱ्या भिंतीला बसली. दोघांच्या मध्ये माझं टेबल होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"गुर्जी सनवारी देवळात पेपर वाचत्यात, जाहिरातीचं पान तेवडं सोडून. तुमी बोललासा, तवापासनं म्या तिकडं जायाचं सोडलं हुतं. पर ह्या खेपंला समदी वाडी दारात आली. म्हनली, कोंडीबा, तू जलमभर आमास्नी दवंडी देतुयास, आता पेपरानं तुला दिली. आन तीबी सात येळा." तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. "गुर्जींनी पैली चौकट वाचली तवा म्या तिथं न्हवतो. दुसरीला बी न्हवतो. पाचवीपातूर मला धरून आनलं बगा."

मी म्हणायचं ठरवलेलं सगळं विसरले. "कोंडीबा, माझं चुकलं. तुमचं पत्र मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं," एवढंच बोलले.

तो अवघडला. मुंडाशाची टोकं नीट करत राहिला. मग म्हणाला, "न्हाई बाई, पेपर तुमचा हाय, बोलायचा हक बी तुमचाच. पर येक सांगू? राग मानू नगासा. दवंडीचा बी कायदा असतोय. चौकात मानसं बोलत असली तर हलगी तीन डाव वाजवायची आन गप ऱ्हायाचं. त्येंनी आपल्याकडं बगितलं, मंगच बोलायचं. आन येका चौकात येकदाच. त्याच चौकात फिरून बोललं तर मानसं हाकलून लावत्यात, आन बराबर हाय ते. म्या येका चौकात दोनदा कवाच बोललो न्हाई. तुमच्या पानावर सात चौकटी हायत म्हून गुर्जींनी मोजून सांगितलं. मला वाटलं, हेच चौक. पैल्या हप्त्याला सात जागी बोललो. कुनी वळून बगितलं न्हाई, म्हंजी ते बोलनं धरायचं न्हाई, मंग दुसऱ्या हप्त्याला सात. तिसऱ्या हप्त्याला मी आपनहून गपच बसनार हुतो."

मला ती चौदा कार्डं एकाच जागची वाटली होती. त्याच्या लेखी ते सात चौक होते, आणि तो प्रत्येक ठिकाणी आधी बँडबद्दल, पोरींबद्दल विचारलेलं उत्तर देऊन मगच स्वतःचं बोलला होता. तीन वेळा हलगी वाजवून थांबण्यासारखंच होतं ते. माझ्या पारावर रीत पाळणारा असा दुसरा माणूस नव्हता.

पुढच्या अंकापासून 'बाईंचा शेरा' कायमचा बंद झाला. त्या जागी मी ठळक टायपात तीन ओळी घातल्या : एका विषयात एकदाच बोलावे. दुसऱ्याचे ऐकून मग बोलावे. पत्र शेवटपर्यंत वाचावे. तिसरी ओळ माझ्यासाठी होती. लालासाहेबांनी तिन्ही ओळींवर आक्षेप घेतला, पण गंमत म्हणजे एकाच कार्डात घेतला. तेलवाल्याला मी हातानं पत्र लिहून पान चार सुचवलं. तो तिकडं गेला आणि तिथं सुखानं नांदला.

पण हे नंतरचं. त्या बुधवारी हरिभाऊ म्हणाले, "छापून भागणार नाही. तू जा त्यांच्याबरोबर." आम्ही तिघं इस्लामपूरच्या एस.टी.त बसलो. मी खिडकीशी, माझ्याशेजारी भामाबाई, कोंडीबा पुढच्या बाकावर. वाटेत भामाबाई माझ्याशी मोकळेपणानं बोलली. गाय तिच्या वडिलांनी दिलेली. हरणी नाव. शिंग मोडलं ते कसं, कुठल्या बांधावर, सगळं सांगितलं. पण नवऱ्याशी बोलायचं झालं की माझ्याकडं बघून म्हणायची, "बाई, ह्येंला म्हनावं, पिशवी पडंल." मी पुढं वाकून सांगायची, "कोंडीबा, पिशवी पडेल." तो पिशवी सरळ करायचा. आठ महिने त्यांच्या घरात असंच चाललं होतं. मध्ये कुणी नसेल तेव्हा ती चुलीला सांगायची, म्हणे.

"एवढा राग?" मी तिला हळूच विचारलं. रागाच्या बाबतीत मी कुणाला बोलावं असं नव्हतंच.

"गाय दिली त्याचा न्हाई," ती म्हणाली. "तवा चाराच न्हवता, दिली न्हाई तर मेली असती. पर मला न इचारता दिली. म्या त्या वक्ताला पान्याला गेली हुती. परत आले तर खुट्टा मोकळा."

सुभेदार हंबीररावांची वस्ती इस्लामपूरपासून तीन मैलांवर, उसाच्या फडांमध्ये होती. खाकी स्वेटर घातलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस बांधावरच उभा होता. कोंडीबाला बघून त्यानं हात जोडले नाहीत, सरळ ताठ उभा राहिला.

"चिठ्ठी दिली होती मी तुम्हाला," तो म्हणाला.

"घामानं गेली, सायेब."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "चूक माझी. शिसपेन्सिलीनं लिहायला हवं होतं. फौजेत पहिल्या आठवड्यात शिकवतात हे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही त्या बाई?"

"हो," म्हटलं. "पाचवा मुद्दा मान्य."

त्यांनी मान हलवली आणि गोठ्याकडं निघाले.

हरणी कडेला बांधलेली होती, पाठ भरलेली, अंगावर तुकतुकी. तिच्याशेजारी पांढरी कालवड. कोंडीबा गोठ्याच्या दारातच थांबला. इतके महिने जिच्यासाठी दहा गावं तुडवली, तिच्यापाशी जायला त्याचा पाय उचलेना. सुभेदार म्हणाले, "नाव सांगा कालवडीचं. आषाढापासून आम्ही तिला नुसतं 'ए' म्हणतोय."

"नाव हीच ठेवंल," कोंडीबा बायकोकडं न बघता म्हणाला. "पर ती बोलंल तवा."

भामाबाई त्याच्या बाजूनं पुढं गेली. हरणीनं मान वळवली. भामाबाईनं तिच्या मोडक्या शिंगावर हात ठेवला, कानामागचा ठिपका बोटानं खाजवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. कालवड भामाबाईचा पदर चघळायला लागली. तिनं तो सोडवून घेतला नाही.

मग ती मागं वळली. माझ्याकडं नाही, सुभेदारांकडं नाही. सरळ नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आवं, बगत काय उभं ऱ्हायलाय? दावं सोडा की."

कोंडीबाचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं ऐकलं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पण एवढ्यानं त्याचं भागणार नव्हतं.

"काय म्हनलीस?" तो म्हणाला. "पुना येकदा सांग की."

भामाबाईनं पदर तोंडाला लावला.

"न्हाई," ती म्हणाली. "येका चौकात येकदाच."